चार मिनिटं बारा सेकंद

बारक्या अडतीस वर्षांचा होता, वजनाने नव्वदीच्या पुढे गेला होता, डोक्यावर मोजून घ्यावेत इतके केस उरले होते, तरी ताईच्या लेखी तो बारक्याच. भर बाजारात, चारचौघांत, त्याच्या ऑफिसच्या फोनवरसुद्धा ती याच नावाने हाक मारायची. ऑफिसातल्या मंडळींनी ते एकदा ऐकलं आणि मग काय, साहेब सोडून सगळेच त्याला पाठीमागे बारक्या म्हणायला लागले. त्याला त्याचं काही वाटत नसे. जिने सहाव्या वर्षापासून आपल्याला वाढवलं तिने ठेवलेलं नाव, चिकटलं तर चिकटलं.

आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ताई सोळाची. आईचा आवाज कसा होता ते त्याला कितीही डोकं खाजवलं तरी आठवत नाही. आठवतो तो ताईचाच. ऊठ रे, दात घास, दप्तर कुठंय, पडशील, उतर खाली. तिने गॅलरीतून हाक मारली की मैदानाच्या पार त्या टोकाला खेळणारी दुसऱ्यांची पोरंसुद्धा घराकडे पळायची. पुढे ती शाळेत लागली, पहिली-दुसरीच्या वर्गाला. हेडबाई म्हणायच्या, हिच्या वर्गाचं दार लावलं तरी शेजारचे दोन वर्ग आपोआप शिकतात.

तर अशा बाईच्या घशात गाठ निघाली. आता याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा. आवाज जरा बसल्यासारखा झाला होता, तो तिने सर्दी, खडूची धूळ, पोरांवरचं ओरडणं असल्या सबबींवर तीन महिने अंगावर काढला. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, नाहीतर गाठ पुढे सरकेल. पुढे सरावाने कदाचित थोडंफार बोलता येईल, पण तो आवाज वेगळा असेल. हा नसेल.

ताईने विचारलं, "किती दिवस आहेत?"

"दोन आठवडे. त्याहून उशीर नको."

भावोजींचं चष्म्याचं दुकान आहे. बोलणं कमी, मान हलवणं जास्त. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि स्वतःचा चष्मा पुसत बसले, बाहेर पडेपर्यंत पुसतच होते. बारक्याला मात्र तिथेच, दवाखान्याच्या जिन्यात, कल्पना सुचली. त्याचं काम फोनवरची ॲप लिहिण्याचं. पाण्याचे मीटर वाचत घरोघर फिरणारी माणसं असतात ना, त्यांच्यासाठी त्याच्या ऑफिसात ॲप बनतं. दहा वर्षं तेच केलेलं, हातचा मळ होता त्याच्या.

"ताई, तू बोलून ठेव," तो म्हणाला. "दोन आठवड्यांत जेवढं सुचेल तेवढं. मी ॲप करून देतो. बटण दाबलंस की तुझाच आवाज येईल. आपण कुणाच्या बापाला ऐकत नाही."

ताई हसली. त्या दिवशीचं तिचं पहिलं हसणं ते. म्हणाली, "तुझ्याशी बोलायचं म्हणजे आता बटणं दाबायची का मी? आधीच बरं होतं, कान धरता यायचा."

पण तयार झाली. फक्त दोन अटी घातल्या. पहिली, ती बोलणार तेव्हा खोलीत कुणी नको आणि बोललेलं नंतरही कुणी ऐकायचं नाही, ती स्वतः बटण दाबेल तेव्हाच. दुसरी, नक्कल ठेवायची नाही. ना त्याच्या कॉम्प्युटरवर, ना ऑफिसात, ना कुठल्या दूरच्या यंत्रावर.

"अगं, नक्कल असलेली बरी असते," बारक्या म्हणाला.

"मी जिवंत आहे अजून. माझा आवाज तुमच्या कपाटात बरणीत भरून ठेवल्यासारखा नको. माझा आहे, माझ्या फोनात राहील."

तिच्यापुढे आजवर कुणाचं चाललंय? त्याने शब्द दिला. आणि एक सांगायला हवं, तो शब्द त्याने शेवटपर्यंत पाळला. इतर बाबतीत पाळला नसता तरी चाललं असतं, इथे नेमका पाळला.

आता त्याच्या धंद्यातली एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. घाबरू नका, अवघड नाही. फोनच्या ॲपमध्ये डेटाबेस असतो, म्हणजे एक वहीच म्हणा. या वहीला आकडा कळतो आणि अक्षरं कळतात. दुसरं काहीही घेऊन गेलात, तारीख, चित्र, आवाज, की ती हात वर करते. मग माणसाला मध्ये पडून त्या वस्तूचं आकड्यांत किंवा अक्षरांत रूपांतर करून द्यावं लागतं आणि परत काढताना उलटं रूपांतर करावं लागतं. बारक्याने पहिल्यांदा आवाज असाच आकड्यांत मोडून वहीत कोंबून पाहिला. छोटी वाक्यं कशीबशी बसली, जरा लांबलचक बोलणं आलं की ॲप धाडकन बंद. म्हणून त्याने सरधोपट मार्ग धरला, जो त्याच्या धंद्यात सगळेच धरतात. आवाज वहीबाहेर एका खणात ठेवायचा आणि वहीत त्याचा फक्त पत्ता लिहायचा.

ताईला त्याने ते तिच्या भाषेत समजावलं. "तुझ्या हजेरीपटावर मूल चिकटवतेस का? नाव लिहितेस. मूल बाकावर बसतं. तसंच."

"आणि मूल बाकावरून उठून गेलं तर?"

"कुठे जाणारे? फोनातच आहे."

ताई रोज सकाळी बोलायला बसायची, कारण सकाळी घसा जरा मोकळा असायचा. झोपायच्या खोलीचं दार आतून बंद. भाची, म्हणजे ताईची मुलगी, पंधरा वर्षांची, शाळेला जाताना दारावर टकटक करून विचारायची, "आई, आज काय काय बोललीस?" आतून उत्तर यायचं, "तुझ्या कागाळ्या केल्या." बारक्या संध्याकाळी कामावरून परस्पर तिकडे जायचा आणि फोन तपासायचा. तपासायचा म्हणजे किती नोंदी झाल्या ते बघायचा. ऐकायचा नाही. शंभर झाल्या, दोनशे झाल्या. प्रत्येक नोंदीला ती स्वतः नाव द्यायची, शाळेतल्या वळणदार भाषेत, अनुस्वारासकट.

आणि इथेच ती गोष्ट घडली. घडली कसली, त्याने केली. फोनवर आवाज मुद्रित झाला की तो आधी एका तात्पुरत्या खणात पडतो. तिथून उचलून पक्क्या जागी हलवायचं काम ॲप लिहिणाऱ्याचं. बारक्याला हे माहीत नव्हतं असं नाही, झोपेतसुद्धा सांगितलं असतं त्याने. पण त्याच आठवड्यात मीटरच्या ॲपची नवी आवृत्ती द्यायची होती, साहेब डोक्यावर मिऱ्या वाटत होते आणि ताईला तर दुसऱ्या दिवसापासून बोलायला सुरुवात करायची होती. त्याच्या ऑफिसात एक पद्धत आहे. घाई असली की कामाच्या ओळीशेजारी लिहून ठेवायचं, नंतर अमुक करणे. सगळे लिहितात. अर्ध्या नंतरांना चार-चार वर्षं झालीत आणि मीटरवाल्यांचं काही अडलेलं नाही. बारक्यानेही लिहिलं, "नंतर: आवाज पक्क्या जागी हलवणे." दुसऱ्या एका ओळीत त्याने अशी व्यवस्था केली की आवाज सापडला नाही तर ॲपने कुरकुर करायची नाही, संदेश दाखवायचा नाही, गप्प बसायचं. आजारी बाईच्या हातात ॲप धाडकन बंद व्हायला नको म्हणून. चांगल्या मनाने केलं होतं, हे कुठेतरी नोंदवलेलं असू द्या.

ऑफिसातल्या चाचणीच्या फोनांवर सगळं झकास चाललं. चालणारच. त्या फोनांमध्ये फोटो नसतात, सिमकार्ड नसतं, कुणाचे संदेश येत नाहीत. नुसती मोकळी जागा. माणसाचा फोन कसा भरलेला असतो हे त्या फोनांना कधी कळतच नाही आणि त्यांच्यावर काम करून करून, खरं सांगायचं तर, बारक्यालाही कळेनासं झालं होतं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी तो रजा टाकून ताईकडे गेला. ती बॅग भरत होती. टॉवेल, चपला, एक पुस्तक, एक छोटा पांढरा फळा आणि पेन. तो फळा तिला शाळेतून दिला होता.

"सगळं नीट राहिलंय ना रे?" तिने विचारलं. "नाहीतर अजून अर्धा दिवस आहे. लागलं तर परत बोलते मी. तू म्हणशील ते."

बारक्याने फोन हातात घेतला, ॲप उघडलं, आकडा बघितला. तीनशे शहाऐंशी. "सगळं आहे," तो म्हणाला. "आता घशाला त्रास नको देऊस. गप्प पड जरा."

गप्प पड. आपण काय बोलून गेलो हे त्याला तेव्हा कळलं नाही. ताईला कळलं असावं, कारण तिने कपड्यांची घडी घालता घालता त्याच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "हो रे बाबा, उद्यापासून तुम्हा सगळ्यांनाच सुख आहे."

शस्त्रक्रिया सात तास चालली. व्यवस्थित झाली. गाठ पूर्ण निघाली असं डॉक्टर म्हणाले आणि भावोजी तिथल्या बाकावर बसून ढसाढसा रडले, बोलणं कमी असलेली माणसं रडतात तसे, न थांबता. बारक्याही रडला. त्या दिवशी त्यांना वाटलं, सुटलो.

पाचव्या दिवशी ताईला उठून बसवलं. गळ्याला पट्टी, नळ्या, चेहरा सुजलेला, पण डोळे तिचेच होते, वर्गावर नजर टाकणारे. फळ्यावर तिने लिहिलं, "फोन." भाचीने फोन दिला. भावोजी पलंगाच्या पायथ्याशी, बारक्या खिडकीशी. ताईने ॲप उघडलं, यादी खाली सरकवली, एक बटण निवडलं आणि लेकीकडे बघत दाबलं.

काही आलं नाही.

तिने पुन्हा दाबलं. भाची म्हणाली, "आई, आवाज बारीक असेल," आणि बाजूची कळ दाबून आवाज पूर्ण मोठा केला. ताईने तिसऱ्यांदा दाबलं. शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी भिंतीकडे तोंड करून घेतलं. ताईने बारक्याकडे बघितलं.

काय झालंय ते त्यालाही कळलं नव्हतं. तो म्हणाला, "थांब थांब, नवीन आवृत्ती आलीय ना, त्याने अडलंय. फोन दे, उद्या आणतो नीट करून." धडधडीत खोटं होतं. नवी आवृत्ती काढतो कोण, तर तोच. पण ताईने मान डोलावली आणि फोन त्याच्या हातात दिला. तिचा त्याच्यावर विश्वास होता, काय करणार.

ऑफिसात जाऊन त्याने फोन कॉम्प्युटरला जोडला. वही उघडली. तीनशे सत्त्याऐंशी ओळी, एकही कमी नाही, उलट एक जास्तच. नाव जागच्या जागी, तारीख जागच्या जागी, किती सेकंद बोलली तो आकडा जागच्या जागी, पत्ता जागच्या जागी. मग त्याने पत्त्यावर जाऊन बघितलं. खण रिकामा होता.

कारण शोधायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. शस्त्रक्रियेच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ताईच्या फोनवर शाळेतल्या मुलांचे व्हिडिओ आले होते. आईबापांनी पाठवलेले, दोनशे बारा. फोनने इमानेइतबारे सगळे उतरवून घेतले. जागा भरत आली, तेव्हा फोनने तेच केलं जे फोनने करायचं असतं, तात्पुरत्या खणातली अडगळ काढून टाकली. बारक्याने त्यातला एक व्हिडिओ लावला. समोरचे दोन दात पडलेली मुलगी म्हणत होती, "बाई, लवकर बऱ्या व्हा आणि आम्हाला ओरडायला या." त्याला कुणाचातरी राग यायला हवा होता. त्या पोरीचा येणं शक्य नव्हतं, फोनचा येऊन उपयोग नव्हता. मग जो उरला त्याच्यावर आला.

पुसलेलं परत काढून देणाऱ्या दोन माणसांकडे तो त्याच दिवशी जाऊन आला. एकाने फोन हातात घेतलाच नाही. दुसऱ्याने दोन तास खटपट करून परत दिला. "या फोनात पुसलं ते पुसलं. आतून कुलूपबंद असतं सगळं आणि पुसताना किल्लीही जाते. नक्कल नव्हती का?"

"नव्हती."

"तुम्ही कुठलं काम करता?"

"ॲप लिहितो," बारक्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात बसून त्याने ती यादी पहिल्यापासून वाचली. आवाज ऐकायचा नाही असा शब्द होता, नावं वाचायची नाहीत असा नव्हता. पाणी. दुखतंय. दार लाव. फोन ठेवते, नंतर बोलू. हाक, जवळून. हाक, गॅलरीतून. ह्यांना, चष्मा विसरलात. ह्यांना, भांडण झाल्यावर. हजेरी, पहिली अ, सगळी नावं. लेकीला, पास झाल्यावर. लेकीला, नापास झाल्यावर, रागावून. लेकीला, नापास झाल्यावर, जवळ घेऊन. नुसतं हसणं. नुसतं हसणं, हे खरं आलंय. जांभई. शिंक, चुकून. पहिल्या आठवड्यात पाणी आणि औषध होतं, दुसऱ्या आठवड्यात ती पुढल्या वीस वर्षांत काय काय बोलावं लागेल याची तयारी करत होती. वाचता वाचता त्याचे डोळे इतके भरले की अक्षरं दिसेनात. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

शेवटची ओळ शस्त्रक्रियेच्या दिवशीची होती, पहाटेची. तो आकडा बघून गेला त्यानंतरची. नाव होतं, "बारक्यासाठी". सगळ्या यादीत चाळीस सेकंदांच्या वर काही नव्हतं. हे चार मिनिटं बारा सेकंद होतं.

दवाखान्यात त्याने आधी भावोजींना गाठलं. व्हरांड्यात उभं राहून सगळं सांगितलं, आडवळण न घेता. तात्पुरता खण, नंतर, सगळं. भावोजींनी ऐकून घेतलं. "तुझ्या त्या ओळीत लिहिलं होतंस ना, नंतर?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग केलं का नाहीस?"

भावोजी म्हणाले, "तिला तूच सांग. मी आत येणार नाही." इतक्या वर्षांत त्यांनी बारक्याला उद्देशून बोललेलं हे सगळ्यात कठोर वाक्य.

तो आत गेला. ताई उशीला टेकून बसली होती, फळा मांडीवर. त्याच्या हातातला फोन बघून तिने हात पुढे केला. त्याने फोन दिला नाही.

"ताई, काल मी खोटं बोललो. आवाज गेलेत. चूक माझी आहे. ते पक्क्या जागी ठेवायचे राहिले माझ्याकडून."

ताईने फळ्यावर लिहिलं, "किती?"

"सगळे."

तिने ते पुसलं नाही. त्याच्याखाली लिहिलं, "हसणं पण?"

"हो."

तिने फळा उलटा करून पांघरुणावर ठेवला आणि खिडकीकडे तोंड वळवलं. तो तासभर उभा होता. नर्सने येऊन पट्टी बदलली, नळी साफ केली, गेली. ताईने मान वळवली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. लहानपणी मार खाल्ल्यावर वाटायचं तसं, हलकं. पण ओरडायचं कशाने?

पुढचे तीन दिवस भावोजींचा सकाळी फोन यायचा. "आज नको येऊस." घरी सोडलं त्या दिवशीही तो लांबूनच बघून आला, रस्त्याच्या पलीकडून. ताई रिक्षातून उतरली, भाचीच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या चढली.

त्याने मग तेच केलं जे त्याला येत होतं. साहेबांकडे जाऊन आठवड्याची रजा मागितली, नाही म्हणाले तरी घेतली. ॲप पुन्हा लिहिलं. आता लिहिलेलं वाक्य यंत्र वाचून दाखवणार होतं, कुठल्यातरी अनोळखी बाईच्या आवाजात, स्वच्छ आणि सपाट. एकही नंतर शिल्लक ठेवलं नाही. भाचीकडे फोन पोचवला. तिने सांगितलं, आई वापरते, पण दूधवाल्याशी आणि औषधाच्या दुकानात. घरात वापरत नाही. घरात फळा चालतो, नाहीतर टाळी. एक टाळी म्हणजे इकडे बघ. दोन टाळ्या म्हणजे बाबा.

"मामा, एक विचारू?" भाची म्हणाली. "माझ्यासाठी किती होते?"

त्याने मोजले होते. "एकशे चार."

"काय काय होतं?"

"नावं आहेत. देऊ लिहून?"

"नको," ती म्हणाली. "नको. तुला माहीत आहेत तेवढं पुरे." आणि सायकल काढून गेली. त्या पोरीने त्याला एक वाकडा शब्द सुनावला नाही, तेही त्याला सोसवलं नाही.

पाच आठवड्यांनी भावोजींचा निरोप आला, ये म्हणते. रविवारची दुपार होती. भावोजींनी दार उघडलं, बाजूला झाले आणि चप्पल अडकवून दुकानाला जातो म्हणून निघून गेले. रविवारी दुकान बंद असतं.

ताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वह्या तपासत होती. शाळेने तपासायला वह्या द्यायला सुरुवात केली होती. ती बारीक झाली होती, गळ्याला मऊ कापड गुंडाळलेलं होतं आणि श्वास घेताना त्याखालून बारीक फुरफुर येत होती. तिने पायाने समोरची खुर्ची ढकलून दिली. तो बसला. तिने दोन वह्या तपासून पूर्ण केल्या, लाल पेनाचं टोपण लावलं, मग फळा घेतला.

"जेवलास?"

"हो."

"खोटं."

खरंच तो जेवलेला नव्हता. तिने बोटाने गॅसजवळचं भांडं दाखवलं, त्याने मान हलवली, म्हणाला, "नंतर." तो शब्द तोंडातून निघाला आणि दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळून बसली.

मग त्याने विचारलं. विचारायचं नाही असं ठरवून आला होता, पण पाच आठवडे ते त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. "ताई, शेवटचं एक होतं. माझ्या नावाचं. चार मिनिटांचं. त्यात काय होतं?"

ताईने फळा जवळ ओढला. लिहायला लागली. दोन शब्द लिहिले, बाहीने पुसले. परत लिहिले. त्याला उलटं वाचता आलं तेवढं, "तू सहा", आणि तेही पुसलं. तिसऱ्यांदा पेन टेकवून ती नुसतीच बसली. आयुष्यभर मुलांना लिहायला शिकवलेली बाई, तिला लिहिता येत नव्हतं. शेवटी तिने भरभर लिहिलं आणि फळा त्याच्यासमोर सरकवला.

"लिहून होत नाही. बोलले होते."

"जेवढं येईल तेवढं लिही ना," तो म्हणाला. आवाज फाटला त्याचा. "थोडंसं."

तिने नाही अशी मान हलवली. फळा उचलून वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला, पेन ठेवलं. दोन्ही हात टेबलावर, एकावर एक, वर्गात मुलांना ठेवायला लावायची तसे. आणि बोलायला लागली.

आवाज नव्हता. नुसते ओठ हलत होते आणि कापडाखालून श्वास. तिने बोलताना भुवया उंचावल्या, एकदा हात खोलीच्या कोपऱ्याकडे नेला, तिथे कुणी उभं असल्यासारखा. एकदा हसली. एकदा थांबून खाली बघितलं आणि पुन्हा वर बघून पुढे सुरू केलं. बारक्या तिच्या तोंडावरून नजर हलवत नव्हता. त्याला बारक्या कळलं, ते दोनदा आलं. आई कळलं. शाळा असावं, किंवा शपथ. बाकी एकही शब्द हाती लागला नाही. शेवटी तिने ओठ मिटले आणि त्याच्याकडे बघत राहिली, उत्तर येण्याची वाट बघतात तशी. डोळ्यांत पाणी होतं तिच्या आणि त्याच्या तर गळ्यापर्यंत वाहत होतं. तिची मान किंचित कलली. कळलं?

हो म्हणणं सोपं होतं. तिला बरंही वाटलं असतं.

"नाही कळलं, ताई," तो म्हणाला. "काहीच नाही कळलं."

ताईने खुर्ची पुढे ओढून घेतली, त्याच्या हनुवटीला हात लावून तोंड उजेडाकडे वळवून घेतलं आणि पहिल्यापासून, या वेळी एकेक शब्द सुटा करून, परत सुरुवात केली.